झॉम्बी सरळ का चालतो?

२००९ साली जेम्स सिल्व्हा नावाच्या एका अमेरिकन माणसाने एक छोटा खेळ केला. खेळाच्या नावाचा मराठीत अर्थ होतो, ‘मी एक खेळ केला, त्यात झॉम्बी आहेत’. इंग्रजी नाव मुद्दाम अशुद्ध लिहिलेले आहे. ‘मेड’मधली दोन अक्षरे उलटसुलट, ‘ई’च्या जागी ३, ‘आय’च्या जागी १, ‘ओ’च्या जागी शून्य, आणि शेवटी उद्गारचिन्हे टाकता टाकता बोट घसरून पडावा तसा आणखी एक १. आमच्या इंग्रजीच्या सरांना हे नाव दाखवले तर ते आधी लाल पेन शोधतील. खेळाची किंमत होती एक डॉलर, तेव्हाच्या हिशोबाने साधारण पन्नास रुपये. एक्सबॉक्स ३६० या यंत्रावर छोट्या निर्मात्यांसाठी जे दुकान होते, तिथल्या सर्वाधिक खपलेल्या खेळांत तो जाऊन बसला.

या खेळाबद्दल शाळेच्या मासिकात, तेही गणिताच्या शिक्षिकेने, का लिहावे? गेल्या टर्मच्या पालकसभेत एका कॅडेटच्या वडिलांनी मला जवळजवळ हेच विचारले. “मॅडम, मुलगा पत्रात लिहितो की कॉम्प्युटर क्लबमध्ये आम्ही झॉम्बी मारतो. आम्ही त्याला इथे यासाठी पाठवलंय का?” प्रश्न रास्त होता. दोन वाक्यांत त्याचे उत्तर होत नाही, म्हणून मराठी पानाची जागा मागून घेतली. मुलांनी, पालकांनी आणि जमल्यास आमच्या रेंजवरच्या उस्तादांनीही हे वाचावे.

आधी खेळ कसा आहे ते सांगते. माझ्या भाच्याच्या जुन्या एक्सबॉक्सवर मी तो खेळले आहे. आपण वरून मैदान पाहतो. मधोमध आपला छोटा माणूस, हातात बंदूक. चारी कडांनी हाताने काढलेले, वेडेवाकडे झॉम्बी आत येत राहतात. डाव्या अंगठ्याने माणूस चालवायचा, उजव्या अंगठ्याने कुठल्या दिशेला गोळी झाडायची ते ठरवायचे. एका पडद्यावर चौघे मिळून खेळू शकतात. मागे एक गाणे वाजत असते, सिल्व्हाने स्वतः केलेले, आणि ते याच खेळाची थट्टा करते. गाण्याचा सूर बदलला की मैदानावरचे संकटही बदलते. पाव तासाच्या आसपास गाणे संपते आणि खेळही संपतो. माझा पहिला डाव मात्र दीड मिनिटातच आटोपला, तोही भाच्याच्या मित्रांसमोर.

एका हाताने चालणे आणि दुसऱ्याने नेम धरणे ही युक्ती सिल्व्हाची नव्हे. १९८२ साली युजीन जार्व्हिस आणि लॅरी डिमार यांनी विल्यम्स कंपनीसाठी ‘रोबोट्रॉन २०८४’ नावाचा खेळ केला. त्यावर दोन दांडे होते, एक चालण्यासाठी आणि एक गोळीबारासाठी. त्या काळात मोटार अपघातात जार्व्हिसचा उजवा हात दुखावला होता. गोळीचे बटण दाबणे त्याला जमेना, त्यातून दुसऱ्या दांड्याची कल्पना पुढे आली. पायदळात ‘फायर अँड मूव्ह’ शिकवतात तेव्हा एक तुकडी पुढे सरकते आणि दुसरी तिला फायर देते. इथे एकच माणूस दोन्ही कामे एकाच वेळी करतो. रणांगणावर ते कोणी करत नाही, पण अंगठ्यांना कसरत मात्र चांगली होते.

आता सिल्व्हाकडे येऊ. खेळ करणारा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काचेची इमारत आणि पाचशे इंजिनिअर येतात. हा गृहस्थ प्रोग्रॅम स्वतः लिहीत होता, चित्रे स्वतः काढत होता आणि गिटारही स्वतःच वाजवत होता. मायक्रोसॉफ्टने २००६च्या अखेरीस एक्सएनए नावाचे एक साधन फुकट खुले केले होते. त्यातून घरच्या संगणकावर बसून कोणालाही एक्सबॉक्ससाठी खेळ करता येऊ लागले. २००७ साली मायक्रोसॉफ्टच्या स्पर्धेत सिल्व्हाचा ‘द डिशवॉशर’ हा खेळ जिंकला. त्याचा नायक आहे भांडी घासणारा सामुराई. दुकानात खेळ ठेवायचा तर वर्षाला ९९ डॉलर वर्गणी भरायची. मग इतर निर्माते तुमचा खेळ तपासत, तो मध्येच बंद पडतो का, त्यात काही वावगे आहे का ते पाहत, आणि सगळे ठीक असेल तर तो विक्रीला जाई. विक्रीतले सत्तर टक्के निर्मात्याला मिळत. म्हणजे वरिष्ठाने नव्हे तर बरोबरीच्या लोकांनी केलेले इन्स्पेक्शन! आपल्या हाउसमध्ये ते कितपत चालेल हे कॅडेट्सनीच ठरवावे.

सिल्व्हाने २००८ मध्ये एक्सएनएवर एक पुस्तकही लिहिले. त्यात झॉम्बींचाच एक खेळ पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बांधून दाखवला आहे. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे चित्रांची काटकसर. चालणारा झॉम्बी दाखवायचा तर प्रत्येक पावलाचे पूर्ण चित्र काढावे लागेल असे आपल्याला वाटते. चालण्याची दहा चित्रे, पडण्याची दहा, चावण्याची दहा, आणि मग दुसऱ्या जातीचा झॉम्बी आला की पुन्हा पहिल्यापासून. एकट्या माणसाचा जन्म त्यात जाईल. त्याऐवजी तो डोके, धड, हात आणि पाय सुटे काढतो, आणि प्रत्येक तुकडा कुठे आणि किती अंशांत फिरवून ठेवायचा हे आकड्यांत लिहितो. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे लगेच कळेल. बाहुली एकदाच कातरायची, हालचाल काडी करते. इथे काडीच्या जागी कोन आहे.

आमच्या क्लबमध्ये एक्सबॉक्स नाही आणि येणारही नाही. अकरावीच्या मुलांना पायथन अभ्यासक्रमातच आहे, म्हणून आम्ही पायगेम वापरतो. चित्रे पेन्सिलने आलेख-वहीच्या पानावर काढायची, मोबाइलने फोटो घ्यायचा (मोबाइल माझा, कॅडेट्सचे जमा असतात) आणि तुकडे कापून संगणकात घालायचे. दहावीतल्या एका कॅडेटने काढलेल्या झॉम्बीचा डावा पाय उजव्यापेक्षा लांब झाला. मी तो दुरुस्त करू दिला नाही. तो असा काही लंगडतो की पाहणाऱ्याला चालण्याची मुद्दाम रचना केली असावी असे वाटते. हाताने काढलेल्या खेळाचा हा फायदा आहे. यंत्राने काढलेली चूक दोष दिसते, हाताने काढलेली ढब दिसते.

पण झॉम्बीच का? राक्षस, दरोडेखोर, परग्रहवासी काहीही चालले असते की.

याचे एक कारण कायद्याचे आहे आणि ते मोठे गमतीचे आहे. आज आपण ज्याला झॉम्बी म्हणतो, ते सावकाश चालणारे, माणूस खाणारे प्रेत, जॉर्ज रोमेरोच्या १९६८ सालच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या चित्रपटातून आले. शब्द हैतीकडचा, जुना. चित्रपटात मात्र तो शब्द एकदाही येत नाही. चित्रपटाचे नाव ऐन वेळी बदलले आणि ते बदलताना पडद्यावरची स्वामित्व हक्काची ओळ गळाली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ती ओळ नसेल तर हक्कच नाही. त्यामुळे तो चित्रपट सर्वांच्या मालकीचा झाला आणि त्याच्याबरोबर झॉम्बीही. कोणाची परवानगी नको, कोणाला पैसे नकोत. खिशात एक डॉलर असलेल्या निर्मात्याला यापेक्षा चांगला शत्रू कुठे मिळणार?

दुसरे कारण गणिताचे, आणि खरे तर त्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. आपला वेताळ घ्या. तोही प्रेतातच राहतो, पण बोलतो, कोडी घालतो, राजाला पेचात पकडतो. वेताळाचा प्रोग्रॅम लिहिणे फार अवघड. झॉम्बीला डोके नाही, म्हणून त्याचा प्रोग्रॅम तीन ओळींत होतो.

समजा झॉम्बी (१००, १००) या बिंदूवर आहे आणि तुम्ही (४००, ५००) वर. पडद्यावर वाय अक्ष खाली जातो हे लक्षात ठेवा, नाहीतर पहिल्या दिवशी सगळे झॉम्बी उलटे पळतात. तुमच्यातला फरक ३०० आणि ४००. पायथागोरसने अंतर ५००. फरकाला अंतराने भागा, मिळाले ०.६ आणि ०.८. हा एकक सदिश, म्हणजे तुमचा युनिट व्हेक्टर. त्यात फक्त दिशा उरली, लांबी गेली. झॉम्बीचा वेग फ्रेममागे २ पिक्सेल असेल तर या फ्रेममध्ये तो १.२ उजवीकडे आणि १.६ खाली सरकेल. सेकंदाला ६० फ्रेम असतात, म्हणजे तो सेकंदाला १२० पिक्सेल चालतो. तुम्ही हलला नाहीत तर २५० फ्रेममध्ये, चार सेकंदांपेक्षा जरा जास्त वेळात, तो तुमच्यावर पोचेल. पुढच्या फ्रेमला पुन्हा तेच. शत्रूची सगळी ‘बुद्धी’ एवढीच.

‘भागा’ ही पायरी गाळली तर काय होते ते क्लबमध्ये दर वर्षी कोणीतरी करून दाखवते. आपला माणूस उजवी कळ दाबली की २ पिक्सेल जातो, खालची दाबली की २ पिक्सेल जातो, आणि दोन्ही एकदम दाबल्या की २.८३ पिक्सेल जातो, कारण दोनच्या चौकोनाचा कर्ण तेवढा आहे. तिरके पळणारा चाळीस टक्के जास्त वेगाने पळतो. मुलांना हे आधी सापडते आणि गणित नंतर. मग सगळे तिरकेच पळू लागतात.

गोळी लागली की नाही हे ठरवणे हा पुढचा धडा. झॉम्बीभोवती एक अदृश्य वर्तुळ मानायचे, गोळीभोवती एक छोटे वर्तुळ. दोन केंद्रांतले अंतर त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा कमी झाले की लागली. वर्गमूळ काढायचीही गरज नाही, वर्गांचीच तुलना पुरते. २०० झॉम्बी आणि ५० गोळ्या असतील तर एका फ्रेमला १०,००० तुलना, सेकंदाला सहा लाख. म्हणून वर्गमूळ वाचवायचे.

आता एक प्रश्न. गोळीचा वेग फ्रेमला ४० पिक्सेल आहे. झॉम्बीची त्रिज्या १२, गोळीची ३, बेरीज १५. गोळी शून्यावर आहे आणि झॉम्बीचे केंद्र बरोबर समोर २० वर. लागेल का? या फ्रेमला अंतर २०, लागली नाही. पुढच्या फ्रेमला गोळी ४० वर, अंतर पुन्हा २०, लागली नाही. नेम अचूक, झॉम्बी समोर, आणि गोळी त्याच्या अंगातून आरपार गेली. संगणकाला मधले काही दिसतच नाही. तो सेकंदाला साठ वेळा डोळे उघडतो आणि मधल्या वेळात मिटलेले ठेवतो. उपाय असा की एका फ्रेमच्या उडीचे दोन तुकडे करायचे. गोळी २० वर असताना तपासले की अंतर शून्य निघते. हा दोष आमच्या मुलांना सापडायला दोन रविवार लागले. तोवर ‘मॅडम, रायफल झिरो केलेली नाही’ असे ठाम निदान चालू होते.

मग झॉम्बींची गर्दी. सगळे एकाच बिंदूकडे चालतात, म्हणून थोड्या वेळाने तीस झॉम्बी एकावर एक बसून एकच दिसतात. क्रेग रेनॉल्ड्स याने १९८७ साली पक्ष्यांच्या थव्यांसाठी तीन नियम मांडले होते. शेजाऱ्याला धडकू नका, शेजाऱ्यांच्या दिशेने चला, घोळक्याच्या मध्याकडे राहा. १९९२च्या ‘बॅटमन रिटर्न्स’ चित्रपटातली वटवाघळे याच पद्धतीने उडाली. झॉम्बींना पहिला नियम पुरतो. फार जवळ आलेल्याला थोडे बाजूला ढकला, की घोळका आपोआप पसरतो आणि भीतिदायक दिसू लागतो. उरलेले दोन नियम आम्ही ड्रिलसाठी राखून ठेवले आहेत.

हे सगळे बसवून झाले आणि मुलांना खेळताना एक युक्ती सापडली. गोल गोल पळायचे. सगळे झॉम्बी मागे एक शेपूट करून येतात. मग वळून एकदाच बार काढायचा. असले खेळ खेळणाऱ्या प्रत्येकाला ही युक्ती ठाऊक असते. ती चालते का, हे मात्र फार थोडे विचारतात. चालते ती अशासाठी की झॉम्बी तुम्ही जिथे आहात तिकडे चालतो. तो पाऊल टाकेपर्यंत तुम्ही तिथे नसता. तो कायम तुमच्या भूतकाळाच्या मागे असतो. त्याची वाट वाकडी होत जाते आणि शेवटी तो तुमच्या पाठीमागेच येतो. या वाटेला पाठलागाचा वक्र म्हणतात. १७३२ साली पिएर बुगे या फ्रेंच शास्त्रज्ञाने व्यापारी जहाजाचा पाठलाग करणाऱ्या चाच्यांच्या जहाजाचा विचार करून तो मांडला.

शहाणा पाठलाग वेगळा असतो. नौदलात जायचे स्वप्न असलेल्या कॅडेट्सनी हे लक्षात ठेवावे. समुद्रावर दुसऱ्या जहाजाची दिशा होकायंत्रावर बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल, तर टक्कर होणार असे समजतात. टक्कर टाळायची असेल तर हा इशारा. गाठायचे असेल तर हीच रीत. समोरचा जिथे आहे तिकडे न जाता, जिथे असेल तिकडे जायचे.

आम्ही शंभरातल्या एकाच झॉम्बीला ही रीत शिकवली. बदल एका ओळीचा होता. खेळाडूच्या जागेऐवजी ‘जागा अधिक वेग गुणिले वेळ’ या बिंदूकडे चाल. वेळ किती धरायचा यावर बराच वाद झाला. अंतर भागिले झॉम्बीचा वेग धरला तर ५०० पिक्सेलसाठी चार सेकंद येतात, आणि सेकंदाला १८० पिक्सेल पळणारा खेळाडू तेवढ्यात पडद्याबाहेर जाईल. म्हणून जास्तीत जास्त एक सेकंद असे ठरले. तो झॉम्बी दिसायला इतरांसारखाच ठेवला. पहिल्या दिवशी क्लबमधला सर्वांत पटाईत खेळाडू अर्ध्या मिनिटात मेला. त्याला कळेचना की वळलो की समोर कोण येतो. मुलांनी त्या झॉम्बीचे नाव ‘लेफ्टनंट’ ठेवले. नव्व्याण्णव जणांचे डोके तेवढेच राहिले, एकाने पुढचा विचार केला आणि सगळ्या घोळक्याला जणू योजना मिळाली. गोल पळण्याची युक्ती त्या दिवसापासून बंद झाली.

यावरून मुलांना मी अमेरिकन सैन्याचा एक कागद सांगितला. २०११ साली त्यांच्या स्ट्रॅटेजिक कमांडमध्ये ‘कॉनप्लॅन ८८८८’ नावाची योजना लिहिली गेली, विषय झॉम्बींचा मुकाबला. ती पुढे २०१४ मध्ये सर्वांसमोर आली तेव्हा लोक हसले. पण ती तरुण अधिकाऱ्यांना योजना लिहायला शिकवण्यासाठी केलेली होती. सरावात एखाद्या खऱ्या देशाचे नाव घातले तर बाहेर कोणी ती खरी चढाईची योजना समजेल, म्हणून कोणत्याही देशाचा नसलेला शत्रू घेतला. त्यात शाकाहारी झॉम्बी आहेत, कोंबड्यांचे झॉम्बी आहेत, आणि तरीही टप्पे, जबाबदाऱ्या, रसद सगळे खऱ्या योजनेसारखे रीतसर आहे. कायद्याच्या भागात एक मुद्दा येतो तो महत्त्वाचा. युद्धाचे नियम सजीव माणसांसाठी आणि प्राण्यांसाठी आहेत. झॉम्बीवर काहीही करायला जवळपास कसलेच बंधन नाही.

झॉम्बीचा सर्वांत मोठा सोयीस्करपणा हाच आहे. त्याला देश नाही, आई नाही, गणवेश नाही. मारले तर वाईट वाटत नाही. खेळ करणाऱ्याला हे सोपे जाते, कारण त्याला झॉम्बीच्या फक्त तीन अवस्था लिहाव्या लागतात. चालणे, चावणे, पडणे.

नववीतल्या एका कॅडेट मुलीने विचारले, “मॅडम, आणि त्याने हात वर केले तर?”

सगळे हसले. झॉम्बी हात पुढे करतो, वर नाही. पण प्रश्न बसला. आम्ही चौथी अवस्था लिहिली. दहा झॉम्बींमागे एखादा, जखमी झाल्यावर, थांबतो आणि हात वर करतो. चित्र सोपे होते, हाताचे तुकडे फक्त फिरवायचे. त्याला मारले तर पन्नास गुण वजा. तिसऱ्या जिनिव्हा कराराप्रमाणे शरण आलेल्याला मारता येत नाही हे मुलांना पाठ होते. १९४९चे ते करार भारताने मानले आणि त्यासाठी १९६० साली आपल्या संसदेने कायदाही केला, हे परीक्षेत सगळ्यांनी लिहिले होते. पण या खेळात उजवा दांडा किंवा कळ दाबून धरली की गोळ्या चालूच राहतात. पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येकाचे गुण शून्याखाली गेले. त्यांना नियम माहीत होता, समोरचा दिसतही होता, पण बोट कळीवरून निघत नव्हते.

नंतर खेळण्याची पद्धतच बदलली. मुले सलग गोळीबार सोडून तुटक करू लागली. बार, थांबणे, पाहणे, बार. गोळ्या निम्म्याने कमी लागू लागल्या. एक दिवस आमचे फायरिंगचे उस्ताद क्लबमध्ये डोकावले, पाच मिनिटे उभे राहून पाहिले आणि म्हणाले, “ये ठीक है. पहले देखना, फिर दबाना.” एवढेच बोलून ते गेले. क्लबला मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी मानली जाते.

त्यांचाच विषय निघाला म्हणून सांगते. ‘हे खेळून नेम सुधारतो का?’ असे मुले दर टर्मला विचारतात. रेंजवर पॉइंट टू टू रायफल घेऊन तुम्ही पालथे पडता, श्वास अर्धा सोडून रोखता, ट्रिगर हळूहळू ओढता, आणि पाच गोळ्यांचे ग्रुपिंग किती जवळ आले ते पाहता. पडद्यावर अंगठा ढकलला की दिशा मिळते. श्वास नाही, वजन नाही, खांद्याला धक्का नाही, आणि रायफलीचे तोंड कुठे आहे याची काळजी नाही. या दोन गोष्टींना आपण ‘शूटिंग’ हा एकच शब्द वापरतो, एवढेच त्यांच्यात साम्य आहे असे माझे मत आहे. रेंजवर कोणी खेळातल्यासारखे वळले तर उस्ताद पुढे काय करतात हे इथे लिहिण्याची गरज नाही.

त्या वडिलांना मी क्लबचे वेळापत्रक दाखवले. रविवारी दीड तास. त्यातला तासभर वही, पेन्सिल आणि प्रोग्रॅम, शेवटची वीस मिनिटे दुसऱ्याने केलेला खेळ खेळून त्यातले दोष लिहून देणे. स्वतःचा खेळ स्वतः तपासायचा नाही, हा नियम आम्ही सिल्व्हाच्या दुकानाकडून घेतला. ते म्हणाले, घरी सुट्टीत मुलगा मोबाइल सोडत नाही, त्याचे काय? त्यावर माझ्याकडे शाळेचा उपाय नाही, घराचाच आहे. मोबाइलवरचे पुष्कळ खेळ संपू नयेत अशा बेताने केलेले असतात. रोज या, आणखी एक डाव खेळा, थोडे पैसे भरा. एक डॉलरचा हा खेळ गाणे संपले की संपतो. सुट्टीत मुलाला कोणता खेळ द्यायचा असेल तर तो कधी संपतो एवढे आधी पाहावे. त्यांनी क्लबमधून मुलाचे नाव काढायला सांगितले नाही. पुढच्या सभेला येऊन चालू खेळ पाहीन म्हणाले.

सिल्व्हाचा तो खेळ आता त्या दुकानात मिळत नाही, कारण दुकानच २०१७ मध्ये बंद झाले. एक्सएनएची नवी आवृत्ती काढणार नाही असे मायक्रोसॉफ्टने त्याच्या आधीच, २०१३ मध्ये सांगितले होते. ज्यांना तेच तंत्र शिकायचे आहे त्यांच्यासाठी मोनोगेम नावाचे खुले साधन आहे. सिल्व्हा मात्र थांबला नाही. २०१६ मध्ये त्याने पत्नी मिशेल हिच्याबरोबर ‘सॉल्ट अँड सँक्चुअरी’ हा बराच मोठा खेळ केला. चित्रे तशीच, हाताने काढलेली, तुकड्यांची.

आमच्या खेळात एक गोष्ट अजून अडलेली आहे. मैदानात आम्ही एक भिंत घातली. झॉम्बी सरळच चालतो, त्यामुळे तो भिंतीला नाक लावून जागच्या जागी पाय हलवत राहतो आणि तुम्ही पलीकडे निवांत उभे राहू शकता. त्याला वळसा घालायला शिकवायचे आहे. सुट्टीत हे करून पाहा. आलेख-वहीवर २० गुणिले २० चौकटींचे मैदान आखा, मध्ये भिंत रंगवा. तुमच्या चौकटीत ० लिहा. तिला लागून असलेल्या मोकळ्या चौकटींत १, त्यांना लागून असलेल्यांत २, असे भिंत सोडून सगळीकडे भरत जा. मग कोणत्याही चौकटीत झॉम्बी ठेवा आणि त्याला दर वेळी शेजारच्या सर्वांत लहान आकड्याकडे सरकवा. तो कोणत्या वाटेने येतो ते लाल पेन्सिलीने काढा, आणि भिंतीत एक दार उघडले तर किती आकडे बदलतात ते मोजा. पाने टर्म सुरू होताना माझ्याकडे द्या. ज्यांची लाल रेघ भिंतीतून आरपार जाईल त्यांनी गोळीचा परिच्छेद पुन्हा वाचायचा.